मुंबईत घरी स्पेशल्टी कॉफी करायची तर आधी कशावर खर्च करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मुलुंडला राहता. घरी वर्षानुवर्षं माटुंग्याहून आणलेल्या पावडरीची फिल्टर कॉफी होते. लोअर परळला ऑफिसजवळच्या कॅफेत एकदा बिनदुधाची पोअर ओव्हर (फिल्टरमधल्या कॉफीवर हाताने गरम पाणी ओतून केलेली) प्यायलात, ती आवडली, आणि मग व्ही सिक्स्टी (कागदी फिल्टर बसवायचा कोन), कागदी फिल्टर आणि बीन्सचं अडीचशे ग्रॅमचं पाकीट मागवलं. बीन्स मिक्सरमध्ये दळल्या, आरओचं पाणी उकळून थोडं निवू दिलं, कॉफी केली; ती आंबट आणि पाणचट झाली. पाकिटावर संत्रं, गूळ, बदाम असं लिहिलंय, त्यातलं काहीच जिभेला लागत नाही. आता लांब चोचीची किटली घ्यावी, वजनकाटा घ्यावा की सरळ एस्प्रेसो मशीन, बीन्स कुठल्या आणाव्यात, आईच्या जायफळवाल्या कॉफीला या बीन्स चालतील का, आणि मुळात घरच्या फिल्टर कॉफीत वाईट काय होतं, असं तुम्ही विचारलंय.

मी दादरला कॉफी भाजण्याचं काम करते आणि कॅफेत नव्याने लागलेल्या मुलामुलींना शिकवते, त्यामुळे तुमच्यासारख्या तक्रारी सतत कानावर येतात. माझं सांगणं असं की किटली आणि मशीन सध्या राहू द्या. पैसे आधी हाताने फिरवायच्या चांगल्या ग्राइंडरवर घाला, पाणी बदला, आणि बीन्स ताज्या भाजलेल्या, थोड्या थोड्या आणा. तुमच्या कपात बिघडलंय ते इथेच. व्ही सिक्स्टीचा काही दोष नाही.

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळण्याजोगा असतो. तो सगळा कपात यायला नको. १८ ते २२ टक्के उतरला की चव जमते. उतरण्यालाही क्रम आहे: आम्लं आणि क्षार आधी येतात, मागोमाग गोडवा, आणि कडवट, तुरट भाग शेवटी. आंबट आणि पाणचट कप म्हणजे पाणी पहिला टप्पा घेऊन खाली निघून गेलं, गोडव्यापर्यंत पोचलंच नाही. कारणं बहुधा तीनच: दळण जाड, पाणी गार, किंवा पाण्यातच काही दम नाही. तुमच्याकडे तिन्ही एकत्र आली आहेत.

मिक्सरचं पातं बीन दळत नाही, तोडतं. त्यामुळे भांड्यात मोठे तुकडेही राहतात आणि पिठूळ भुकटीही होते. मोठ्या तुकड्यांतून पुरेसं काही उतरत नाही, भुकटीतून गरजेपेक्षा जास्त उतरतं आणि तीच भुकटी कागदाची छिद्रं बुजवते. मग एकाच कपात आंबटही लागतं आणि घशाशी तुरटही. मिक्सर जास्त वेळ फिरवून हे सुटत नाही, उलट पात्याच्या उष्णतेने वास उडतो. बर ग्राइंडरमध्ये दातेरी शंकू आणि त्याभोवती दातेरी कडं असतं. दोन्हींतलं अंतर तुम्ही ठरवता, आणि त्या अंतरातून निघेल तेवढाच दाणा खाली पडतो. टाइममोर, किंगग्राइंडर अशा कंपन्यांचे हाताचे ग्राइंडर पाच-सहा हजारांच्या आसपास मिळतात आणि नीट झाडूनपुसून ठेवले तर वर्षानुवर्षं चालतात. याच किमतीचा विजेवर चालणारा ग्राइंडर मात्र मी कुणाला सुचवत नाही. त्यात पैसे मोटरला जातात, दात्यांच्या वाट्याला थोडेच येतात.

एवढा खर्च आत्ता नको असेल तर ज्यांच्याकडून बीन्स घेता त्यांच्याकडूनच दळून घ्या, ‘व्ही सिक्स्टीसाठी’ असं सांगून. दळलेली कॉफी लवकर शिळी होते हे खरंच आहे, पण रोस्टरच्या, म्हणजे कॉफी भाजणाऱ्याच्या, मोठ्या ग्राइंडरवर दळलेली आठवडाभरापूर्वीची पावडर घरच्या मिक्सरमधल्या ताज्या दळणापेक्षा कितीतरी चांगली कॉफी देते. फक्त पाकीट छोटं घ्या.

आता पाणी. मुंबईत याकडे फार थोड्या लोकांचं लक्ष जातं. महापालिकेचं पाणी येतं ते भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी या तलावांतून. म्हणजे डोंगरावरून उतरलेलं पावसाचं पाणी. ते मुळातच मऊ असतं. मी जिथे जिथे मोजलंय तिथे नळाच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शंभरच्या आसपास किंवा त्याहून कमीच निघाला आहे. अशा पाण्यावर आरओ चालवला की तो आकडा दहा-पंधरावर येतो. स्पेशल्टी कॉफी असोसिएशनच्या जुन्या पाणी-मानकात १५० हा आदर्श आकडा धरला होता आणि ७५ ते २५० चालतो असं म्हटलं होतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कॉफीतली चव ओढून आणायला मदत करतं, बायकार्बोनेट आम्लाची धार कमी करतं. आरओ दोन्ही काढून टाकतो. उरलेल्या पाण्यात आंबटपणा उघडा पडतो आणि बाकी कप रिकामा लागतो.

उपाय फुकटातला आहे. आरओच्या अलीकडचं, म्हणजे थेट नळाचं पाणी गाळून, चांगलं उकळून घ्या आणि त्यातच कॉफी करा. किंवा अर्धं नळाचं उकळलेलं आणि अर्धं आरओचं मिसळा. पुष्कळशा प्युरिफायरमध्ये टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, सर्व्हिसवाल्याला सांगून तो वाढवून घेता येतो. क्लोरिनचा वास येत असेल तर पाणी झाकण न ठेवता उकळा. मात्र तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर हे सगळं उलटं होतं: ते पाणी जड असतं, त्यात कॉफी बोथट आणि खडूसारखी लागते, आणि तिथे आरओच बरा. चारपाचशे रुपयांचा टीडीएस मीटर येतो, एकदा मोजून बघा. बाटलीबंद पाण्यावर खर्च करायची मुलुंडला काही गरज नाही.

पाणी निववू नका हेही सांगते. ‘उकळतं पाणी कॉफी जाळतं’ हे वाक्य जिकडेतिकडे ऐकू येतं. गडद भाजलेल्या कॉफीला नव्वदच्या आसपासचं पाणी बरं पडतं, पण तुमचं पाकीट हलक्या ते मध्यम भाजणीचं आहे. अशी बीन घट्ट असते, तिच्यातून चव काढायला जोर लागतो. किटली उकळली की सरळ ओता. थंड कोन आणि हवा मिळून चारपाच अंश तसेही खाऊन टाकतात. कोन प्लास्टिकचा असेल तर चांगलंच, चिनीमातीचा कोन जास्त उष्णता शोषतो. दोन्ही आधी उकळत्या पाण्याने धुऊन गरम करायचेच. त्याच पाण्याने कागदही धुतला जातो आणि कागदाचा वास निघून जातो.

मग असं करून बघा. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी. दळण बारीक रव्याइतकं, बोटांत चोळलं तर कण स्पष्ट जाणवले पाहिजेत. कोनात घालून हलकेच थोपटून सपाट करा. घड्याळ लावा आणि ४५ ग्रॅम पाणी घाला, सगळी कॉफी भिजली पाहिजे; कोन हातात धरून एकदा गोल हलवा. ताजी कॉफी इथे फुगते, बुडबुडे येतात, तो भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. फुगली नाही तर कॉफी जुनी आहे किंवा दमट झाली आहे. चाळीस सेकंदांनी बारीक धारेने, मधून बाहेर गोल फिरवत, दीडशेपर्यंत पाणी न्या. थोडं खाली उतरू द्या आणि उरलेलं शंभर घाला. शेवटचा थेंब पडेपर्यंत पावणेतीन ते सव्वातीन मिनिटं लागावीत. दीड-पावणेदोन मिनिटांत संपलं तर दळण जाड आहे, ग्राइंडरची खूण दोन क्लिक (खाचा) फिरवून बारीक करा. चार मिनिटांवर गेलं आणि कोनात चिखलासारखा थर बसला तर दळण जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. कपात साधारण २२० ग्रॅम येईल, बाकीचं चोथ्यात राहतं. लगेच तोंडाला लावू नका. थोडी निवली की गोडवा आणि फळांची चव वर येते, गरम असताना फक्त कडवटपणा आणि वाफ कळते.

यासाठी लागतो तो वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा काटा चालतो, घड्याळ फोनमध्ये आहेच. लांब चोचीची किटली सोयीची आहे, पण तुमच्या यादीत ती तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यावी. तोपर्यंत छोट्या चोचीचं कुठलंही भांडं घेऊन धार जपून सोडा.

आता बीन्सकडे येऊ, माझ्या मनाच्या जवळचा भाग हाच आहे. ‘स्पेशल्टी’ ही निव्वळ जाहिरातीची भाषा नव्हे. प्रशिक्षित लोक ठरलेल्या पद्धतीने कॉफी चाखून शंभरपैकी गुण देतात, आणि ऐंशी किंवा त्यावर गुण मिळाले, बीन्समध्ये मोठे दोष नसले, तर ती स्पेशल्टी, असा निकष गेली कित्येक वर्षं चालत आला आहे. चाखायची पद्धतही सोपी आहे: १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफी, वाटीत भिजवायची, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, फेस काढायचा आणि सुरकन ओढून चव घ्यायची. एका वेळी पाचसहा वाट्या मांडल्या की आजवर एकसारख्या वाटलेल्या कॉफ्या किती वेगळ्या आहेत ते दहा मिनिटांत कळतं.

इतक्या वेगवेगळ्या भारतीय कॉफ्या आपल्याला इतक्या उशिरा का भेटल्या, याचं उत्तर व्यापाराच्या जुन्या नियमात आहे. १९४० च्या दशकापासून बागायतदाराला आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावी लागे. तिथे प्रतवारी व्हायची आणि लिलाव व्हायचा, कुणाच्या मळ्याची कुठली हे मागे राहत नसे. तुम्ही कितीही जपून फळ तोडा, शेजाऱ्याच्या कॉफीत ते मिसळणारच. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने उठलं आणि बागायतदार स्वतः विकू लागले. पाकिटावर मळ्याचं नाव, उंची, वाण, प्रक्रिया हे जे आज छापलेलं दिसतं ते त्यानंतरचं आहे. म्हणून मला त्या चार ओळी मनापासून वाचाव्याशा वाटतात. त्यामागे कुणीतरी आपलं पीक वेगळं वाळवून, वेगळं पोत्यात भरून ठेवलेलं असतं.

पाकिटावर सगळ्यात आधी बघायची ती भाजल्याची तारीख. फक्त ‘बेस्ट बिफोर’ असेल तर पाकीट परत ठेवा. हलक्या-मध्यम भाजणीची कॉफी भाजल्यापासून आठवडा-दहा दिवसांनी खुलते आणि दीड महिन्यापर्यंत चांगली राहते. काल भाजलेली आज उघडायची घाई नको, त्यातला वायू पाण्याला आत शिरू देत नाही. मग प्रक्रिया बघा. ‘वॉश्ड’ म्हणजे फळाचा गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली. कप स्वच्छ, आम्ल नेमकं. ‘नॅचरल’ म्हणजे अख्खं फळ तसंच उन्हात वाळवलेलं. चव फळाकडे, कधी मद्याच्या वासाकडे झुकते. ‘हनी’मध्ये गराचा काही भाग ठेवून वाळवतात. ‘अनॅरोबिक’ म्हणजे बंद टाकीत हवा न लागू देता आंबवलेली; चव तीव्र, काहींना अतिशय आवडते, काहींना दुसरा घोट नको होतो. तुम्ही सुरुवातीला अनॅरोबिकच्या वाटेला जाऊ नका.

माझा सल्ला: पहिलं पाकीट कर्नाटकातल्या चिकमगळूर किंवा बाबाबुडनगिरीची वॉश्ड अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक), मध्यम भाजणी. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनच्या मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि याच डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे. वाण एस ७९५ असेल तर उत्तम. केंट आणि एस २८८ या दोन वाणांच्या संकरातून तो बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने तयार केला, आणि आजही आपल्या अरेबिकाचा तो मोठा आधार आहे. त्यात गुळाकडे जाणारा गोडवा असतो आणि आंबटपणा अंगावर येत नाही. दुसरं पाकीट आंध्रातल्या अरकू खोऱ्याचं घ्या, तिथले आदिवासी शेतकरी छोट्या छोट्या तुकड्यांवर कॉफी करतात आणि ती खूप पुढे गेली आहे. तिसरं तमिळनाडूतल्या येरकाडचं किंवा कर्नाटकातल्या बिळिगिरीचं. रत्नागिरी इस्टेट असं नाव दिसलं तर तो मळाही बाबाबुडनगिरीतलाच, आपल्या कोकणातला नव्हे. महाराष्ट्रात कॉफी आहे ती मेळघाटात, चिखलदऱ्याला, फार थोडी. तिकडे फिरायला गेलात तर झाडावरची फळं जरूर बघून या.

माटुंग्याच्या दुकानात ‘प्लांटेशन ए’, ‘पीबेरी’, ‘चेरी’ असे शब्द ऐकू येतात. प्लांटेशन म्हणजे वॉश्ड अरेबिका, चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली, आणि ‘ए’, ‘बी’ ही दाण्याच्या आकाराची प्रत. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल दाणा धरलेला. यातून आकार आणि प्रक्रिया कळते, चवीचे गुण कळत नाहीत. पीबेरी महाग असते म्हणून चवीला सरस असेलच असं धरू नका.

मान्सून्ड मलबारबद्दल लिहायलाच हवं. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कॉफी कित्येक महिने समुद्राच्या दमट हवेत राहायची, फुगायची, फिकट पडायची, आणि तिकडच्या लोकांना तीच चव सवयीची झाली. वाफेची जहाजं आली, प्रवास लवकर संपू लागला, तशी ती चव गेली. मग मंगळूरच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर उघड्या बाजूंच्या गोदामांत बीन्स पसरून, खालीवर करून, पोत्यांत भरून मुद्दाम पावसाळी वारा लागू द्यायची पद्धत बसली. आम्ल जवळजवळ जातं, कप जाड आणि मातकट गोड होतो. दुधात आणि मोका पॉटमध्ये (गॅसवर ठेवायचं, खालचं पाणी कॉफीतून वर चढवणारं भांडं) ती फार छान लागते, व्ही सिक्स्टीत मला ती उदास वाटते.

मंगळूरला ठरवून लावलेला हाच वारा मुलुंडच्या स्वयंपाकघरात तुमचं पाकीट खराब करतो. जून ते सप्टेंबर मुंबईत भाजलेली कॉफी उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढून घेते. दळण ग्राइंडरला चिकटतं, फुगणं बंद होतं, चव पुठ्ठ्यासारखी लागते. पावसाळ्यात मी लोकांना सांगते ते असं: पाकीट आणलं की आठवडाभर पुरेल एवढ्या बीन्स घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, बाकीच्या छोट्या झिप पिशव्यांत हवा दाबून काढून फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नाही. तिथे ओल आहे, आलं-लसणाचा वास आहे, आणि डबा आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी बीन्सवर दव धरतं. फ्रीझरमधली पिशवी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आणि उघडलेली परत आत ठेवू नका. ग्राइंडर पाण्याने धुवायचा नाही, कोरड्या ब्रशने झाडायचा. तेलकट भुकटी आत राहिली तर पावसाळ्यात तिला आठवड्याभरात खवट वास येतो.

किमतीचं म्हणाल तर अडीचशे ग्रॅमचं पाकीट सहाशेला पडलं असं धरू. पंधरा ग्रॅमने सोळा कप होतात, म्हणजे कपाला सदतीस-अडतीस रुपये. कॅफेत हीच पोअर ओव्हर अडीचशे ते चारशेपर्यंत असते. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळाने पीक घटलं आणि २०२५ च्या सुरुवातीला अरेबिकाचा जागतिक भाव एक पौंड वजनाला चार डॉलरच्या वर गेला होता. आपल्याकडे पाकिटं महागली त्यामागे हेही आहे.

एस्प्रेसो मशीनचं थोडक्यात: नऊ बार दाबावर पाणी पाठवायचं म्हणजे ग्राइंडरही त्याच तोडीचा लागतो, आणि दोन्ही धरून खर्च बघता बघता लाखाकडे जातो. घरात चारपाच जण रोज कापुचिनो पिणारे असतील तर विचार करा. एकट्यासाठी एरोप्रेस घ्या. २००५ साली बाजारात आलेलं हे हाताने दाबून कॉफी काढायचं प्लास्टिकचं नळकांडं दळणातले थोडेफार दोष सांभाळून घेतं, दोन मिनिटांत काम होतं आणि फुटत नाही. दुधाची दाट कॉफी हवी तर मोका पॉट. गॅस मंद ठेवा, खालच्या भांड्यात गरम पाणीच घाला आणि फसफसायला लागायच्या आत उतरवा.

आणि घरचा पितळी किंवा स्टीलचा फिल्टर? तो माळ्यावर टाकू नका. त्या फिल्टरची मला मनापासून कदर आहे. त्यात काहीच वाईट नव्हतं. चिकोरी (भाजून दळलेलं एक मूळ) घातलेल्या पावडरीतही तसा दोष नाही. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते, रंग आणि दाटपणा देते, दुधातही चव टिकते. आपल्या नियमांप्रमाणे अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकणाऱ्या या मुळाची चव मात्र बीनच्या चवीवर बसते. म्हणून एकदा चिकोरीशिवाय करून बघा. मध्यम भाजणीची वॉश्ड अरेबिका २० ग्रॅम, व्ही सिक्स्टीपेक्षा बारीक दळलेली. वरच्या भांड्यात घालून सपाट करा, दांड्याची चकती हलकेच टेकवा, दाबू नका. शंभर मिलिलिटर उकळतं पाणी दोन भागांत घाला, आधी थोडं, अर्ध्या मिनिटाने उरलेलं. झाकण लावून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. खाली साधारण साठ मिलिलिटर डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) जमेल, कारण चोथा स्वतःच्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवतो. हे दीडशे मिलिलिटर गरम दुधात घाला. थेंबच पडत नसेल तर दळण फार बारीक आहे. फिल्टर आपटू नका, पुढच्या वेळी जाड दळा आणि तळाची छिद्रं सुईने मोकळी करा.

मुंबईला कॉफीचा सराव नवा नाही. कॉफीचा खप वाढावा म्हणून सुरू झालेल्या इंडिया कॉफी हाउसची पहिली शाखा १९३६ साली इथेच, चर्चगेटला उघडली. माटुंग्याला दक्षिणेकडून आलेल्या कुटुंबांनी डबरा-टंबलरची (पसरट वाटी आणि पेल्यातली) कॉफी रुजवली, आणि किंग्ज सर्कलच्या परिसरात आजही सकाळी भाजणीचा वास रस्त्यावर येतो. मैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानात उभं राहून प्रमाण सांगून पावडर दळून घेणं हे स्पेशल्टी रोस्टरकडे दळण सांगण्यापेक्षा फारसं वेगळं नाही. तिथे जाल तेव्हा शंभर टक्के कॉफी मागा आणि कधी भाजली ते विचारा, बहुतेक वेळा सरळ उत्तर मिळतं.

चव घडवायला कॅफेत जायचं तर वांद्र्याला सबको, महालक्ष्मीला ब्लू टोकाय, खारला केसी रोस्टर्स ही नावं तुम्हाला ठाऊक असतील. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनला जा. शनिवारी संध्याकाळी बारिस्ताला (कॉफी करणाऱ्याला) मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा तो तुमच्याशी बोलू शकत नाही. आज पोअर ओव्हरला कुठली बीन आहे, किती ग्रॅमला किती पाणी घेता, कुठलं पाणी वापरता, हे तीन प्रश्न विचारा. ज्याला हे सांगता येतं आणि सांगायला आवडतं, त्याच्याकडून बीन्स घ्या. दोघं गेलात तर एकाच मळ्याची वॉश्ड आणि नॅचरल अशा दोन मागवून एकमेकांच्या कपातून प्या. पाकिटावरचे शब्द तिथे जिभेवर उतरायला लागतात. काही रोस्टर चाखायची सत्रं घेतात, तीही चुकवू नका.

आईच्या कॉफीचं शेवटी ठेवलं, कारण त्यासाठी वेगळी बीन लागते. दूध, साखर, वर जायफळ अशी आपली कॉफी महाग हलक्या भाजणीच्या बीन्सची केलीत तर दूध पचपचीत लागेल आणि आंबट झाक येईल, आणि आई म्हणेल तेच खरं असेल. तिच्यासाठी मान्सून्ड मलबार किंवा चांगली वॉश्ड रोबस्टा (कॉफीची दुसरी मुख्य जात), मध्यमपेक्षा थोडी गडद भाजलेली, शंभर-दीडशे ग्रॅमच आणा. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, तेव्हा संध्याकाळी उशिरा देऊ नका. फिल्टरमध्ये डिकॉक्शन काढा आणि ते दुधात घालून पुन्हा उकळू नका. जायफळ कप भरल्यावर वरून, किसणीवर दोनदाच फिरवून घाला. कॉफीबरोबर उकळलं की ते कडू होतं. ग्राइंडर आला की व्ही सिक्स्टीचा पहिला कप कोणत्या क्लिकवर आणि किती मिनिटांत झाला ते, आणि नळाच्या पाण्याचा टीडीएस, एवढं मला कळवा. त्यावरून पुढचं दळण सांगते.